तंजावरचं मोठं देऊळ: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

तंजावरला मी पहिल्यांदा गेलो तो एका सहल कंपनीच्या बसने. बस देवळासमोर थांबली तेव्हा पावणेएक वाजला होता. गाभारा नुकताच बंद झालेला, अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली, आणि सव्वा वाजता परत बसमध्ये बसायचं होतं. सगळ्यांनी विमानासमोर, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच शिखरासमोर, फोटो काढले आणि आम्ही निघालो. घरी परतल्यावर कळलं, की त्याच अंगणाच्या एका कोपऱ्यात मराठीत कोरलेला लांबलचक शिलालेख आहे आणि मी त्याच्या जवळूनही गेलो नाही. ती रुखरुख बरीच वर्षं राहिली.

पुढे आईला घेऊन गेलो ते दोन दिवस हाताशी ठेवून. तेव्हा सगळं नीट पाहिलं, तरी काही गोष्टी चुकल्याच. तुमचं पहिल्याच खेपेत नीट व्हावं म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. पुस्तकात ‘बृहदीश्वर’, तमिळमध्ये ‘पेरुवुडैयार कोविल’, रिक्षावाल्याच्या तोंडी ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठं देऊळ. बांधणाऱ्या राजाने, पहिल्या राजराज चोळाने, ठेवलेलं नाव ‘राजराजेश्वरम्’. चारही नावं एकाच देवळाची. इ. स. 1010 मध्ये ते पूर्ण झालं आणि आजही तिथे रोज पूजा होते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ते 1987 पासून आहे.

1. तारीख ठरवताना आपला पाऊस विसरा

दिवाळीची सुट्टी म्हटली की आपल्याकडे आभाळ निरभ्र झालेलं असतं. तंजावरला नेमका त्याच सुमारास पाऊस सुरू होतो. तमिळनाडूचा मुख्य पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. दिवाळीत तिकिटं काढलीत तर छत्री घ्या आणि एखादा दिवस पावसात जाईल हे धरून चाला. मे महिन्याची सुट्टी त्याहून अवघड, कारण देवळात अनवाणीच चालावं लागतं. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला.

सणांपैकी तीन दिवस लक्षात ठेवा. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या पाठोपाठ, मट्टू पोंगल असतो. त्या दिवशी देवळातल्या मोठ्या नंदीला भाज्या, फळं आणि मिठाईने नखशिखांत सजवतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तमिळ ऐप्पसी महिन्यातल्या पौर्णिमेला, शिवलिंगाला शिजवलेल्या भाताचा अभिषेक होतो. त्याला अन्नाभिषेक म्हणतात. त्याच महिन्यात शततारका नक्षत्रावर राजराजाचा जन्मोत्सव असतो. तिथे शततारकेला ‘सदयम्’ म्हणतात, म्हणून उत्सवाचं नाव ‘सदय विळा’.

प्रदोष मात्र आधी पंचांगात पाहून ठेवा. दर महिन्याच्या दोन्ही त्रयोदशींना संध्याकाळी नंदीवर अभिषेक होतो आणि अंगण माणसांनी भरून जातं. भक्तिभावाने जाणाऱ्यांनी ती संध्याकाळ मुद्दाम साधावी. ज्यांना शिल्पं निवांत बघायची आहेत त्यांनी दुसरा दिवस निवडावा. आम्ही नकळत प्रदोषाला पोचलो. आईला फार आनंद झाला, मला मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा यावं लागलं.

2. पोचायचं कसं

मुंबई-पुण्याकडून रेल्वेने जाणारे बहुतेक जण चेन्नईमार्गे जातात. इथला ठरलेला सापळा असा: आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला थांबतात, आणि तंजावरकडे जाणाऱ्या गाड्या बहुतांशी एग्मोरहून सुटतात. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. अंतर दोन-तीन किलोमीटरचंच, पण सामान आणि वयस्कर माणसं बरोबर असली तर मध्ये किमान दोन-तीन तास ठेवा. तिकिटावर स्टेशनचं नाव काय छापलंय ते नीट वाचा. एग्मोरचं तमिळ नाव ‘एळुंबूर’ आहे, आणि पाटीवर तेही दिसेल.

एग्मोरहून रात्रीची उळवन एक्स्प्रेस थेट तंजावरपर्यंत जाते. पहाटे उतरायचं, खोलीवर आंघोळ करायची आणि देवळात जायचं, हे गणित चांगलं जमतं. विमानाने यायचं तर तिरुचिरापल्ली, म्हणजे त्रिची, जवळ. तिथून तंजावर साधारण साठ किलोमीटर.

बसने आलात तर ‘नवा बसस्टँड’ आणि ‘जुना बसस्टँड’ यांत गोंधळू नका. बाहेरगावच्या गाड्या नव्या स्टँडवर थांबतात आणि तो गावाबाहेर आहे. तिथून शहर बसने जुन्या स्टँडवर यायचं. जुन्या स्टँडपासून देऊळ चालत जाण्याइतकं जवळ आहे. रेल्वे स्टेशनपासूनही ते दोनेक किलोमीटरच आहे. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा: ‘पेरिय कोविल, एवळवु?’ म्हणजे ‘मोठ्या देवळाचे किती?’

3. बरोबर काय घ्यायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र. देवळात जायला लागत नाही, पण लॉजवर प्रत्येकाचं मागतात.
- सुट्टे पैसे. प्रवेश फुकट आहे, पण चपला ठेवायला, अर्चनेच्या चिठ्ठीला आणि आरतीच्या तबकात टाकायला दहा-वीसच्या नोटा लागतात.
- जाड सुती मोजे. चपला बाहेर ठेवल्यावर दुपारच्या फरशीवर हेच कामाला येतात.
- छोटी दुर्बीण. वरच्या मजल्यांवरची शिल्पं नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत. मुलांकडची खेळण्यातली नको, पक्षी बघायची असते तशी घ्या.
- पाण्याची बाटली आणि टोपी किंवा उपरणं.
- घरातल्या प्रत्येकाचं जन्मनक्षत्र आणि गोत्र कागदावर लिहून. हे कशाला, ते सहाव्या पायरीत येईल.

कपडे साधे आणि अंग झाकणारे. बर्म्युडा, तोकडे स्कर्ट नकोत. केरळातल्या काही देवळांसारखा पुरुषांनी सदरा काढण्याचा प्रकार इथे नाही. मी शर्ट-पँटवरच दर्शन घेतलं. तरी वेष्टी म्हणजे साधी पांढरी लुंगी नेसून गेलात तर छान वाटतं, आणि जुन्या बसस्टँडच्या आसपास ती विकत मिळते.

4. एका फेरीत उरकू नका

सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच: एक संध्याकाळ आणि तिला लागून येणारी सकाळ, अशा दोन फेऱ्या करा.

देऊळ सकाळी सहाच्या सुमाराला उघडतं. साडेबारा ते चार गाभारा बंद असतो आणि रात्री साडेआठच्या आसपास देऊळ बंद होतं. सणावाराला वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी दारावर विचारून घ्या.

दोन फेऱ्या कशाला, तर उजेडासाठी. देऊळ पूर्वाभिमुख आहे. सकाळी आत शिरताना सूर्य तुमच्या पाठीमागे असतो आणि विमानाची पुढची बाजू उजळून निघते. शिलालेख आणि भिंतीवरच्या मूर्ती तेव्हाच नीट दिसतात. संध्याकाळी सूर्य विमानामागे उतरतो, समोरून सगळं काळसर दिसतं. पण मागच्या बाजूला, पश्चिमेकडे गेलात तर तोच दगड मधासारखा पिवळा झालेला असतो. अंधार पडल्यावर विमानावर दिवे सोडतात. गावातली माणसं मुलाबाळांना घेऊन हिरवळीवर येऊन बसतात, कुणी गप्पा मारतं, कुणी डबा उघडतं. त्या गर्दीत तासभर नुसतं बसायला विसरू नका.

दुपारी शक्यतो येऊच नका. यावंच लागलं तर अंगणात काथ्याच्या चटया अंथरलेल्या असतात, त्या सोडून चालू नका.

5. दारातून आत शिरताना

रस्त्यावरून येताना एकामागे एक तीन दारं लागतात. पहिलं, साधं दिसणारं, मराठा काळातलं. दुसरं केरळांतकन तिरुवासल. केरळातल्या चेर राजावरच्या विजयाचं नाव त्याला दिलं आहे. तिसरं राजराजन तिरुवासल.

इथे बहुतेक लोक मान वर करून विमानाकडे बघत सरळ चालत जातात. तुम्ही तिसऱ्या दाराशी थांबा. दोन्ही बाजूंचे अवाढव्य द्वारपाल तर दिसतीलच, पण गुडघ्याएवढ्या उंचीवर पायाच्या दगडावर बघा. हातभर उंचीची छोटी छोटी शिल्पं आहेत: शंकर-पार्वतीचं लग्न, मार्कंडेय, अर्जुन आणि किरात. आमच्या समोर शाळेतली दोन मुलं तिथे उकिडवी बसून एकेक गोष्ट ओळखत होती, आणि मोठी माणसं त्यांच्या डोक्यांवरून पुढे चालली होती.

मदुराई किंवा श्रीरंगम पाहून आलेल्यांना इथे एक गोष्ट उलटी वाटेल. तिकडे बाहेरची गोपुरं आभाळाला भिडलेली आणि गाभाऱ्यावरचा भाग लहान. इथे गोपुरं ठेंगणी, आणि सगळ्यात उंच आहे ते गाभाऱ्यावरचं विमान, साधारण 66 मीटर. चोळांच्या काळात उंचीचा मान देवाच्या डोक्यावरच्या कळसाला होता. उंच गोपुरांची रीत नंतर वाढली.

6. दर्शनाची रीत, जी आपल्याहून वेगळी आहे

आपल्याकडे कित्येक महादेवाच्या देवळांत थेट गाभाऱ्यात जाता येतं, पिंडीवर पाण्याची धार धरता येते, बेल वाहता येतो. इथे ते नाही. गाभाऱ्यात फक्त पूजा करणारे गुरुक्कल जातात. आईने घरून तांब्याचा छोटा गडू आणला होता, तो पिशवीतच राहिला. ती थोडी हिरमुसली. म्हणून घरच्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवा.

क्रम असा धरतात: आधी गणपती, मग ध्वजस्तंभ आणि नंदी, मग मुख्य देव, मग अम्मन म्हणजे देवी, आणि शेवटी चंडिकेश्वर. साष्टांग नमस्कार घालायचा असेल तर ध्वजस्तंभापाशी घाला. आतल्या देवतांपुढे आडवं होत नाहीत, हात जोडतात.

मुख्य देवाकडे जायला पायऱ्या चढून एका लांब, अंधाऱ्या, खांबांच्या मंडपातून जावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी घाई करू नये. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही. मग मंडपाच्या टोकाला दिवे दिसतात, आणि त्यांच्यामागे लिंग. इतकं मोठं लिंग मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पांढरं वस्त्र गुंडाळलेलं, माणसाच्या उंचीच्या दुपटीकडे झुकणारं. आरती वर नेताना गुरुक्कलांचा हात पूर्ण ताणला जातो. इथे फोटो काढायचा नाही. अंगणात चालतो, आत नाही.

अर्चना करायची असेल तर नारळ, केळी, पान, फुलं अशी ताटली घ्या. गुरुक्कल विचारतील: नाव, नक्षत्र, गोत्र. आपली गाडी इथेच अडते, कारण आपल्याला रास पाठ असते, नक्षत्र नसतं. म्हणून तो कागद. काही नावंही वेगळी आहेत: आर्द्रा म्हणजे ‘तिरुवादिरै’, श्रवण म्हणजे ‘तिरुवोणम’, ज्येष्ठा म्हणजे ‘केट्टै’. पण आपलं संस्कृत नाव सांगितलं तरी त्यांना कळतं. नक्षत्र ठाऊकच नसेल तर ‘सामी पेरुक्कु’ म्हणा, म्हणजे देवाच्याच नावाने. तिथले लोकही असं करतात, त्यात काही कमी होत नाही.

तीर्थासाठी ओंजळ पुढे करू नका. शिवाच्या देवळात इथे विभूती देतात, तिला ‘तिरुनीरु’ म्हणतात. उजवा तळवा वर, त्याखाली डावा हात. गुरुक्कल हात थोडा वर धरूनच चिमूट सोडतात. ती मान वर करून कपाळाला लावायची, म्हणजे खाली सांडत नाही. उरलेली खांबाच्या खाचेत टाकायची नाही. खरं तर खांबांवर हे पांढरे ढीग जागोजागी दिसतात, आणि हजार वर्षांच्या कोरीव दगडाला त्याचा त्रास होतो. माझ्याकडे तिकिटाचा कागद होता, त्याची पुडी केली. ती अजून घरच्या देव्हाऱ्यात आहे.

प्रदक्षिणेचंही वेगळं. आपण महादेवाला अर्धी प्रदक्षिणा घालतो, पन्हाळीपर्यंत जाऊन परत फिरतो. इथे लोक अंगणातून पूर्ण फेरी मारतात. आईने आधी परत फिरायचा प्रयत्न केला, तेव्हा फुलांची परडी घेतलेल्या एका आजींनी हाताने गोल खूण करून ‘सुत्ति वांगो’ म्हटलं, फिरून या. मग दोघी मिळूनच गेल्या.

शेवटी चंडिकेश्वर, विमानाच्या उत्तर बाजूला, छोटंसं वेगळं देऊळ. लोक त्याच्यापुढे हळूच टाळी वाजवतात किंवा हात एकमेकांवर चोळून मोकळे तळवे दाखवतात: बघ, देवाघरचं काही मी नेत नाही. हा शंकराच्या घरचा कारभारी. चोळांच्या काळात शिवमंदिरांचे जमिनीचे आणि पैशांचे व्यवहार याच्याच नावाने होत, तसे लेख कोरलेले आहेत. तेव्हा ती टाळी म्हणजे हिशोब चुकता करणं आहे. जोरात वाजवू नका.

7. विमान आणि भिंती

दर्शन झाल्यावर दुर्बीण काढा. विमान तेरा मजल्यांचं, सगळं ग्रॅनाइटचं. तंजावर कावेरीच्या सपाट गाळप्रदेशात आहे, आसपास डोंगर नाही. म्हणजे हा सगळा दगड लांबून आणलेला. विमानाच्या वरच्या रांगेतल्या कोनाड्यांत एकच देव पुन्हा पुन्हा दिसेल, धनुष्य घेतलेला त्रिपुरांतक शंकर. लढवय्या राजाने स्वतःसाठी निवडलेलं हे दैवत.

मग नजर खाली आणा, जोत्याकडे. देवळाच्या पायाभोवती तमिळ अक्षरांच्या ओळी आहेत. राजराजाने हुकूम दिला होता, की आम्ही दिलेलं, आमच्या अक्कनने म्हणजे थोरल्या बहिणीने दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. ती बहीण कुंदवै. आणि ‘इतर’ खरोखरच इतर आहेत. नाचगाण्याच्या सेवेसाठी आणलेल्या चारशे स्त्रियांची नावं आणि त्यांना मिळालेली घरं कोणत्या रस्त्यावर कितवी, हेही कोरलं आहे. मुख्य शिल्पकाराचं नाव आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. कळस कधी दिला तेही आहे: राज्याच्या पंचविसाव्या वर्षाच्या 275 व्या दिवशी. तमिळ वाचता येत नसलं तरी एका जागी थांबून त्या ओळींकडे बघा. मी तिथे अर्धा तास होतो.

वाटाड्या घ्यायचा असेल तर पुरातत्त्व किंवा पर्यटन खात्याचं ओळखपत्र दाखवायला सांगा आणि पैसे आधी ठरवा. तरीही काही गोष्टी ऐकवल्या जातीलच. ‘या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही’ हे खरं नाही. सकाळी पश्चिमेकडे जा, सावलीत उभे राहाल. ‘वरचा घुमट ऐंशी टनांचा अखंड दगड’ हेही अभ्यासक मानत नाहीत, तो तुकड्यांनी जोडलेला आहे. नंदी मात्र खरोखर एकाच दगडाचा आहे, पण तो राजराजाच्या काळचा नाही, पुढच्या नायक राजांच्या काळचा. देवीचं देऊळ पांड्यांचं, सुब्रह्मण्याचं देऊळ नायकांचं. सुब्रह्मण्याच्या देवळाची कलाकुसर जवळून बघा, दगडावर सोनाराचं काम वाटतं.

न दिसणाऱ्या गोष्टीही सांगतो, म्हणजे शोधत बसणार नाही. गाभाऱ्याभोवतीच्या बंद प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. नायकांच्या चित्रांच्या थराखाली ती 1931 मध्ये सापडली. त्याच्या वरच्या मजल्यावर नृत्याची 108 करणं, म्हणजे नाचातले ठरावीक पवित्रे, कोरायला घेतली होती, 81 झाली आणि पुढचे दगड कोरेच राहिले. हे दोन्ही भाग लोकांसाठी खुले नाहीत. आवारातल्या माहिती दालनात त्यांची छायाचित्रं लावलेली आहेत, ती बघा.

8. मराठी लेख शोधा

आता ज्यासाठी मी परत गेलो ते. अंगणाच्या चारही बाजूंनी ओवऱ्या आहेत, आत लिंगांच्या रांगा. मुख्य देवळाकडे तोंड केलंत तर डाव्या हाताने मागच्या कोपऱ्याकडे, म्हणजे नैर्ऋत्येला जा. तिथे गणपतीचं देऊळ आहे, ते सरफोजी राजांनी पुन्हा बांधलेलं. त्या बाजूच्या ओवरीच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी राजे, यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या पंचविशीत तंजावर घेतलं. 1855 पर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती. दुसऱ्या सरफोजींनी 1803 मध्ये हा लेख कोरवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणीसांचा. आजही या देवळाच्या देवस्थानाचं वंशपरंपरागत विश्वस्तपद तंजावरच्या भोसले घराण्याकडे आहे, आणि वास्तूची देखभाल पुरातत्त्व खात्याकडे.

लिपी देवनागरी आहे, मोडी नाही, त्यामुळे तुम्हाला वाचता येईल. पण सोपं नाही. शब्द एकमेकांना चिकटलेले, वळण जुनं, काही जागा झिजलेल्या. तीन गोष्टी करा. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड असताना जा, समोरून पडलेल्या उजेडात अक्षरं सपाट होतात. एका ओळीत ‘राजे’ हा शब्द शोधा, तो पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्या आगेमागे नावं लागतात. आणि भिंतीला हात लावू नका. अक्षर उठावं म्हणून पाणी, खडू, विभूती काहीही चोळू नका. तसं करणारे मी पाहिले आहेत.

आईने चष्मा पुसला आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून हवेत बोट फिरवत एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. शाळेत पहिलीतलं मूल वाचतं तसं. एक नाव लागायला बराच वेळ गेला. ते ‘शाहाजी’ निघालं. तिने मागे वळून मला हाक मारली तेव्हा ओवरीत बसलेल्या एका गृहस्थांनी तिच्याकडे बघितलं आणि तमिळमध्ये बरोबरच्या माणसाला काहीतरी सांगितलं. त्यातला ‘मराठी’ एवढाच शब्द आम्हाला कळला. त्यांनी उठून आईला तिथे सावलीत बसायला जागा दिली. पुढचा पाऊण तास ती तिथेच होती.

या लेखासाठी वेगळा तास ठेवा. पाटी किंवा बाण शोधत बसू नका. ‘मराठी कल्वेट्टु’ म्हणजे मराठी शिलालेख, असं रखवालदाराला विचारा, तो हात करून दिशा दाखवेल.

9. दुपारी कुठे जायचं

गाभारा बंद असतो त्या वेळात जेवा. केळीच्या पानावरचं जेवण मागायचं तर ‘मील्स’ म्हणा. भात वाढतच राहतात, नको असेल तर ‘पोदुम’.

नंतर राजवाडा, रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात संस्कृत आणि तमिळबरोबर मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रं मोठ्या संख्येने आहेत. सरफोजींनी तो संग्रह फार वाढवला. पर्यटकांना ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय बघता येतं, मूळ पोथ्या हाताळता येत नाहीत. अभ्यासासाठी जाणार असाल तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्या. राजवाड्यातल्या कलादालनात चोळकालीन कांस्यमूर्ती आहेत. त्यांच्यासाठी एक तास कमी पडतो. राजवाडा पाचच्या सुमाराला बंद होतो, म्हणून जेवून लगेच निघा, खोलीवर आडवं होऊ नका.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर कुंभकोणमजवळचं दारासुरम आणि गंगैकोंड चोळपुरम ही दोन देवळं बघा. 2004 पासून तीही याच जागतिक वारसा नोंदीत आहेत. दारासुरम दुसऱ्या राजराजाचं, गंगैकोंड चोळपुरम पहिल्या राजराजाच्या मुलाचं, राजेंद्राचं. दिवसभरासाठी गाडी ठरवा, सकाळी सातला निघा आणि गंगैकोंड आधी घ्या. तेही दुपारी बंद होतं, आणि ते लांबचं आहे.